आजीचा भाऊ दुसऱ्या महायुद्धात गेला तो आलाच नाही, माग कसा काढायचा?

साळकरीण
नमस्कार मंडळी. माहिती हवीय, जरा लांबण लागेल, वाचा.
माझ्या आजीचं (आईची आई) माहेर साळ, डिचोली तालुका, गोवा. तिचा थोरला भाऊ, म्हणजे माझे मामाआजोबा, १९४१ च्या आसपास घरातून निघून रामघाट चढून बेळगावला गेले आणि ब्रिटिशांच्या फौजेत भरती झाले. तेव्हा इथे पोर्तुगीज, त्यामुळे भरती व्हायचं तर घाटावर नाहीतर सावंतवाडीलाच जावं लागायचं. त्यानंतर ते घरी आलेच नाहीत. पण पैसे यायचे! दोडामार्गाजवळ भेडशीला त्यांची आते दिलेली, तिचे यजमान दर काही महिन्यांनी पैसे आणून द्यायचे. हे १९५५ च्या गोवामुक्ती सत्याग्रहाच्या सुमारापर्यंत चाललं आणि मग तेही बंद. पणजी शेवटपर्यंत म्हणायची, पोराने तिकडे लग्न केलंन आणि आमका विसरलो. आजी आता नव्वदीच्या पुढे आहे आणि तीही हेच म्हणते, आणि दर चवथीला त्याच्यावर रागावते.
हाताशी एकच फोटो, खाकी कपडे, पायाला पट्ट्या, छातीवर तिरका चामडी पट्टा. मागे स्टुडिओचा शिक्का, त्यातलं लाहोर एवढंच लागतं. नंबर नाही, पलटण माहीत नाही. एका सरकारी कार्यालयात विचारलं तर नंबर आणा म्हणाले आणि विषय संपला. कोणी असा शोध घेतलाय का?

केपेंकार
वाचतोय. आमच्या ओसरीवर पण एक मिशीवाला फौजी टांगलेला आहे, गेली साठ वर्षं दसऱ्याला हार घेतो, कोण ते एकालाही सांगता येत नाही :) उत्तरं आली की मी पण कामाला लागतो.

निवृत्त_सुभेदार
ताई, नंबर आणा म्हणाले ते उद्धटपणे म्हणाले असतील पण बोलले ते खरं आहे. फौजेत माणूस नावाने सापडत नाही, नंबर आणि पलटणीने सापडतो. एकाच पलटणीत एकाच नावाचे चार-चार जण असायचे.
आता नंबर मिळायच्या जागा. मेडल असेल तर ते सगळ्यात पहिलं बघा. दुसऱ्या महायुद्धाची ब्रिटिश शिपायांना दिलेली मेडलं कोरी असायची पण हिंदी फौजेला दिलेल्या मेडलांवर नंबर, हुद्दा, नाव, पलटण कोरून येई. गोल मेडलाच्या कडेवर आणि चांदणीच्या आकाराचं असेल तर पाठीमागे. कृपा करून ब्रासो लावून घासू नका, लोक चकचकीत करायच्या नादात अक्षरंच घालवतात. अंधाऱ्या खोलीत मोबाईलचा टॉर्च आडवा धरा, झिजलेलं अक्षर सावलीत उठतं.
मेडल नसेल तर पेन्शनचं पुस्तक, मनिऑर्डरची पावती, डिस्चार्ज सर्टिफिकेट, फील्ड पोस्ट ऑफिसचा शिक्का असलेलं पाकीट, काहीही. माणूस गेला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साईटवर नाव असण्याची शक्यता फार मोठी. दुसऱ्या महायुद्धातले हिंदी फौजेचे ८७,००० च्या आसपास मृत तिथे नोंदलेले आहेत, शोध फुकट आहे.
बेळगाव म्हटलं की सगळे मराठा लाईट इन्फन्ट्री धरून चालतात. तसं धरू नका. भरती बेळगावला झाली तरी माणूस कुठेही पाठवत.

वेंगुर्ल्याची_लेक
सुभेदारसाहेबांना दुजोरा. माझे पणजोबा पहिल्या महायुद्धातले, आमच्याकडे कागद एक नव्हता, फक्त देव्हाऱ्याच्या खालच्या खणात एक पितळी थाळीसारखी जड चकती. त्यावर बाई, सिंह आणि पणजोबांचं नाव. लहानपणी आम्ही त्यावर नारळ ठेवायचो. नंतर कळलं की पहिल्या महायुद्धात मेलेल्या प्रत्येकाच्या घरी ती दिली होती, आणि त्यावर हुद्दा आणि पलटण मुद्दाम घातलेली नाही, शिपाई आणि जनरल सारखेच दिसावे म्हणून. विचार चांगला, पण शोधणाऱ्याची पंचाईत.
घरात बसरा हा एकच शब्द चालत आलेला. त्यावरून मेसोपोटेमिया, म्हणजे आताचा इराक, त्यावरून तिथलं कूत गाव. ब्रिटिश जनरल टाउनशेंडच्या डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ मराठा होत्या, डिसेंबर १९१५ ला तुर्कांचा वेढा पडला आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. घोडी आणि खेचरं मारून खायची वेळ आली होती. मग कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं आणि त्यात किती गेले त्याला गणती नाही. पणजोबा त्यातलेच, ११० मराठा. पहिल्या महायुद्धातल्या कैद्यांची रेडक्रॉसची कार्डं जिनिव्हाच्या अर्काइव्हने ऑनलाईन ठेवली आहेत, वाचायला कठीण, पण आहेत.
आणि एक गोष्ट मला अजून बोचते. बसऱ्याच्या स्मारकावर गोऱ्या शिपायांची नावं दगडावर कोरली आणि हिंदी शिपायांची कोरलीच नाहीत, अधिकाऱ्यांचीच तेवढी. बाकीच्यांचा नुसता आकडा. २०२१ मध्ये कमिशननेच अहवाल काढून कबूल केलं की हिंदी आणि आफ्रिकी मृतांना सारखी वागणूक दिली गेली नाही आणि माफी मागितली. माझ्या पणजीला त्याचा काय उपयोग. नाव वहीत आहे, दगडावर नाही.

जयहिंद४५
ताई मला वाटतं तुमचे मामाआजोबा आझाद हिंद सेनेत गेले असणार. १९४१ ला भरती, घरी परत नाही, सगळं जुळतंय. सिंगापूर पडलं १५ फेब्रुवारी १९४२ ला, दोन दिवसांनी फॅरर पार्कवर हिंदी कैद्यांना गोळा केलं, हजारो लोक आझाद हिंद मध्ये गेले. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या अभिलेख पटल या साईटवर आयएनएच्या, म्हणजे आझाद हिंद सेनेच्या, फायली आहेत, तिथे शोधा.

निवृत्त_सुभेदार
जयहिंद, साईट चांगली सांगितलीत, तिचा उपयोग होईलच कुणाला. पण ज्या घरचा माणूस परत आला नाही त्या प्रत्येक घरात तो नेताजींकडे गेला असंच सांगतात. मी माझ्याच गावात हे तीन घरांत ऐकलंय आणि त्यातले दोघे आफ्रिकेत होते! आफ्रिकेतून सिंगापूरला कसे पोचले. तोब्रुक २१ जून १९४२ ला पडलं तेव्हा २/५ मराठा पलटण तिथे पकडली गेली, ती माणसं इटलीत कैदेत गेली. सिंगापूरला पकडलेल्यांपैकी कितीतरी जणांना जपान्यांनी न्यू गिनीला नेऊन मजुरीला जुंपलं, ते तिथेच मेले, त्यांच्या घरीसुद्धा हेच सांगतात. आधी पलटण, मग ती पलटण कुठे होती, मग बाकीचं.

जयहिंद४५
मान्य. पण शक्यता आहे ना.

निवृत्त_सुभेदार
शक्यता आहे.

म्हापसेकर
मला एक कळत नाही, रागावू नका. इंग्रजांच्या पगारासाठी लढायला गेलेल्या लोकांचा एवढा शोध कशाला? गोव्यात १८ जून १९४६ ला मडगावात लोहियांनी सभा घेतली, लोक तुरुंगात गेले, आग्वादला सडले, पोर्तुगालला नेऊन डांबले. त्यांच्यातल्या कितीतरी जणांचं नाव कुठे नाही. आधी त्यांचं शोधा.

वेंगुर्ल्याची_लेक
दोन्ही शोधा की, कोणी अडवलंय. माझ्या पणजोबांकडे जमीन नव्हती, वर्षातले चार महिने भात आणि उरलेले आठ कणग्यांचे कंद. पगार मिळतो म्हणून गेले. अठरा-वीस वर्षांचा मुलगा लांब परमुलखात उपाशी मेला, त्याच्या घरच्यांनी तो कुठे मेला एवढं विचारायचं नाही?

केपेंकार
+१. आणि तुरुंगात गेलेले आणि फौजेत गेलेले कित्येकदा एकाच घरातले असायचे. आमच्या शेजारच्या घरात मोठा भाऊ इंग्रजांच्या फौजेत होता आणि धाकटा सत्याग्रहात.

म्हापसेकर
ठीक आहे. माझा मुद्दा तुरुंगातल्यांचा पण धागा निघावा एवढाच होता. मी काढतो.

बार्देशकार
आमचे आजोबा तारवटी, बोटीवर होते, ब्रिटिश इंडिया कंपनीच्या. १९४२ ला टॉर्पेडो लागून बोट बुडाली. खलाशी फौजी नसल्यामुळे पलटणीच्या रेकॉर्डात काही सापडत नाही, त्यांचा रस्ता वेगळा. बोटीचं नाव माहीत असलं की अर्धं काम झालं. आम्हाला ते सापडलं मुंबईत धोबीतलावला, गावच्या कुडाच्या, म्हणजे गावकऱ्यांच्या मुंबईतल्या उतरायच्या जागेच्या, जुन्या वहीत, कोण कुठल्या बोटीवर चढला ते मुकादमाने लिहून ठेवलं होतं. सीडीसी, म्हणजे खलाशाची नली, नोकरीची नोंदवही, घरी असेल तर त्यात सगळ्या सफरी असतात. पहिल्या महायुद्धातल्या खलाशांचं स्मारक मुंबईत मस्जिद बंदरला सेलर्स होममध्ये आहे. आमच्या मातीतल्या लोकांनी केवढ्या लढाया खाल्ल्या आणि इथल्या शाळेत त्यावर एक ओळ नाही.

लिस्बनवासी
थोडं अवांतर पण कोणाला तरी लागेल. ज्यांचे पूर्वज पोर्तुगीजांच्या फौजेत होते त्यांनी बेळगाव-पुणे शोधू नये. पणजीचं पुराभिलेख खातं आणि इथे लिस्बनला आर्किव्हो इस्तोरिको मिलितार आणि उल्त्रामारिनो. माझ्या आईकडचे एक पूर्वज १८९५ च्या पलटणीत होते. मोझांबिकला लढायला जा म्हणून हुकूम आला, मराठा शिपायांनी नकार दिला, बंड केलं आणि सत्तरी तालुक्यात राणे घराण्याच्या बंडखोरांना जाऊन मिळाले. राजाचा भाऊ प्रिन्स अफोन्सो फौज घेऊन गोव्यात उतरला होता त्यासाठी. त्या शिपायांबद्दलचा पत्रव्यवहार पोर्तुगीजमध्ये आहे, हस्ताक्षर सुवाच्य असतं, कागद पण बरे राहिलेत. कुणाला वाचून हवं असेल तर सांगा, मी रविवारी मोकळा असतो.

सांगेची_सून
१८९५ वर वेगळा धागा हवाच! लिस्बनवासी काढा ना प्लीज.

पेडणेकार_मास्तर
मी हे सगळं सावकाश वाचलं. साळकरीणबाई, मला तुमच्या पैशांच्या गोष्टीत जास्त रस आहे.
माझं बालपण पेडण्यात, सरहद्दीला लागून. १५ ऑगस्ट १९५५ ला पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळीबार झाला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. त्या वर्षी रेल्वे तुटली, भारताने इथली वकिलात बंद केली, नाके बंद, पैसे पाठवायला बंदी. त्याआधी बांद्याचा बाजार म्हणजे आमच्या घरचाच बाजार होता, लग्नं पलीकडे, शेतं पलीकडे. एका वर्षात मामाचं घर परदेश झालं. तुमचे पैसे सत्याग्रहाच्या सुमाराला बंद झाले म्हणता. म्हणजे पाठवणारा थांबला असं होत नाही, वाट बंद झाली.
आता दुसरं. युद्ध संपलं १९४५ ला. फौज कमी केली, बहुतेक सगळ्यांना घरी पाठवलं. पैसे पुढे दहा वर्षं येत राहिले, आणि ते साळला न येता भेडशीला येत होते, दर काही महिन्यांनी, आतेच्या यजमानांच्या हातून. एकदाही त्याच्या हातची चिठ्ठी आली का? माझ्या चुलतीचा नवरा पहिल्या महायुद्धात गेलेला, तिला पेन्शन होतं आणि ती ते सावंतवाडीच्या तिजोरीतून आणायची, पायी बांद्यापर्यंत आणि पुढे बैलगाडीने. तेही दर काही महिन्यांनीच मिळायचं.
बाई, मला वाटतं ते पैसे तो पाठवत नव्हता. ते त्याच्या आईचं फॅमिली पेन्शन असावं. भरतीच्या वेळी गोव्यातला म्हणजे परक्या मुलखातला पत्ता द्यायच्या ऐवजी आतेचा भेडशीचा पत्ता दिला असेल, भेडशी तेव्हा सावंतवाडी संस्थानात. मग सगळे कागद तिथेच जाणार. तुम्ही साळ, डिचोली, गोवा असं शोधत बसलात तर काही सापडणार नाही. भेडशी, सावंतवाडी असं शोधा.
हे चुकीचं निघालं तर आनंदच आहे.

केपेंकार
मास्तर...

साळकरीण
मास्तर, हे वाचून मी बराच वेळ तशीच बसले. आईला फोन केला. चिठ्ठी कधी आली नाही. आई म्हणते पणजीला वाचता येत नव्हतं, आतेचे यजमान तोंडी सांगायचे, बरा आहे म्हणून.
म्हणजे त्यांना माहीत होतं?

पेडणेकार_मास्तर
माहीत असणारच. आणि आईला सांगायची जबाबदारी कुणी घेतली नसेल. त्यांना दोष देऊ नका, त्यांनी दहा वर्षं पैसे मात्र पोचते केले, एवढी चाल करून.

निवृत्त_सुभेदार
मास्तरांचं डोकं काय चालतंय या वयात, नमस्कार.
ताई, मी तुमच्या फोटोचं वर्णन परत वाचलं. छातीवर तिरका चामडी पट्टा, म्हणजे काडतुसांचे खण असलेला का? पायदळाच्या शिपायाला तसा पट्टा सहसा नसतो. तो घोडदळ, तोफखाना आणि खेचरांच्या कंपन्यांकडे असायचा. आणि मराठा रंगरूट असता तर ट्रेनिंग बेळगावात, लाहोरच्या स्टुडिओत कशाला बसेल. माझा अंदाज आरआयएएससी, म्हणजे रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअर. १९४० मध्ये डंकर्कला फ्रान्समध्ये याच कोअरच्या खेचर कंपन्या होत्या, ब्रह्मदेशच्या डोंगरात तर खेचराशिवाय दाणा पोचत नव्हता. तसं असेल तर तुमचं रेकॉर्ड ऑफिस बेळगाव नव्हे, बेंगळुरूला एएससीचं, म्हणजे आताच्या आर्मी सर्व्हिस कोअरचं.
भेडशीच्या घरी कोणी आहे का अजून? मेडलं आणि कागद तिथे गेले असणार, पत्ता तिथला म्हणून.

साळकरीण
आहेत, आतेचे नातू. लग्नकार्यापुरतं जाणं-येणं. पट्ट्याला खण आहेत, हो. या रविवारी जाते.

बार्देशकार
दोडामार्गच्या त्या रस्त्याला सांभाळून, खड्ड्यांत तुमचीच नोंद करावी लागेल :)

वेंगुर्ल्याची_लेक
जाताना फोटोची कॉपी घेऊन जा आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला आधी भेटा, पुरुषांना विचारलं की काही नाही म्हणतात. बायकांना कुठल्या पेटीत काय आहे ते माहीत असतं.

साळकरीण
गेले होते. वेंगुर्ल्याची लेक, तुमचं शंभर टक्के खरं. काका म्हणाले आमच्याकडे काही नाही. काकी काही न बोलता माळ्यावर गेल्या आणि बाळंतविड्याची जुनी पेटी खाली घेऊन आल्या. त्यात जमिनीचे कागद, वाडी संस्थानचे स्टँप, आणि एक पुठ्ठ्याची चपटी डबी. आत तीन मेडलं, कागदात जशीच्या तशी, एकदाही कोणी लावलेली नाहीत. दोन चांदण्या आणि एक गोल. एकीच्या रिबिनीला मधे लाल, दोन्ही बाजूंना निळं आणि त्यात बारीक नारिंगी रेघ. गोल मेडलावर एक सिंह दोन तोंडांच्या अजगरासारख्या प्राण्यावर उभा आहे.
टॉर्च आडवा धरला. कडेवर नंबर आहे. नाव आहे, आडनावाचं स्पेलिंग आम्ही जन्मात लावलं नसतं असं. आणि शेवटी आरआयएएससी.
पेन्शनचं पुस्तक नाही, ते काकांच्या वडिलांनी जाळलं म्हणे.

निवृत्त_सुभेदार
शाबास! लाल-निळी-नारिंगी रिबीन बर्मा स्टारची. गोल ते वॉर मेडल. नंबर हाती आला म्हणजे ताई, तुम्ही जिंकलात. आता कमिशनच्या साईटवर सर्व्हिस नंबरच्या रकान्यात फक्त नंबर टाका, नाव टाकूच नका. नंबरने नाही आलं तर अॅडिशनल इन्फर्मेशनच्या रकान्यात सावंतवाडी टाकून बघा, स्पेलिंग डब्ल्यूने आणि व्हीने दोन्ही. आपली आडनावं साहेबाच्या कारकुनाने कानाला ऐकू आली तशी लिहिली आहेत, गवसचं गावास, परबचं पुरब, काहीही.

सांगेची_सून
मी इथे रिफ्रेश करत बसलेय.

साळकरीण
सापडले.
नंबर जुळला. ड्रायव्हर, रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअर. मे १९४४. वडिलांचं नाव बरोबर. भेडशी, सावंतवाडी. मास्तर, तुम्ही म्हणालात तसंच. स्मारक: इंफाळ क्रिमेशन मेमोरियल.
तेवीस-चोवीस वर्षांचे असतील. १९४४ लाच गेले. पणजी त्यानंतर तीस वर्षं त्यांच्यावर रुसून होती.

वेंगुर्ल्याची_लेक
काय लिहू. तुमच्या बरोबर आहे.

जयहिंद४५
ताई, नमन. इंफाळला समोरच्या बाजूला आझाद हिंदचे लोक होते, इकडे तुमचे मामाआजोबा. दोन्हीकडे आपलेच. मी आधी जे लिहिलं त्यात घाई होती पण तुम्हाला वाईट वाटलं नसेल अशी आशा.

निवृत्त_सुभेदार
मे १९४४ म्हणजे इंफाळ वेढ्यात होतं. मार्चअखेरीला कोहिमाचा रस्ता तुटला तो २२ जूनला उघडला. तेवढे महिने सगळी रसद विमानाने उतरायची आणि तिथून वर डोंगरावरच्या चौक्यांना पाणी, दारूगोळा आणि शिधा न्यायचा तो खेचरांवर, येताना जखमींना आणायचं. पावसाळा तिकडे मे मध्येच लागतो, चिखल गुडघाभर. बंदूक चालवणाऱ्याची गोष्ट लोक सांगतात, खेचर हाकणाऱ्याची सांगत नाहीत, पण तो गेला नाही तर वरचा माणूस उपाशी. चवथी मराठा पण त्याच भागात होती, सांगशाकला. एखाद्या दिवशी त्याच चौकीवर आपल्याच मुलखातली बोली ऐकायला मिळाली असेल त्यांना.

साळकरीण
आता प्रश्न आजीचा. सांगावं की नाही? मामा म्हणतो या वयात धक्का नको, आई म्हणते सांगायलाच हवं.

बार्देशकार
नका सांगू. ऐंशी वर्षं तिच्या लेखी भाऊ कुठेतरी जिवंत आहे, बायकामुलांसकट. ते काढून घेऊन काय देणार?

सांगेची_सून
मी पण बार्देशकारांसारखंच म्हणेन. माझ्या सासूबाईंना असंच काही सांगितलं आणि त्या आठवडाभर जेवल्या नाहीत.

वेंगुर्ल्याची_लेक
माझं मत उलट. ती भाऊ जिवंत आहे म्हणून सुखात नाहीये, भावाने टाकलं म्हणून दुखावलेली आहे. त्याने टाकलेलं नाही. हे तिला कळायला नको?

पेडणेकार_मास्तर
मीही सांगा म्हणेन, पण मेडलं हातात देऊन सांगा, आणि तिच्या लेकीने सांगावं, तुम्ही नातीने नव्हे. सकाळी सांगा. संध्याकाळी सांगितलेलं म्हाताऱ्या माणसाला रात्रभर पुरतं.

केपेंकार
मास्तरांचं ऐका.

साळकरीण
काल सकाळी सांगितलं, आईने. मेडलं तिच्या ओच्यात ठेवली.
रडली नाही. पहिला प्रश्न काय विचारला तर, तेका आग कोणे दिली? आई माझ्याकडे बघायला लागली. मी सांगितलं की स्मारकाचं नावच ते आहे, ज्यांचं त्यांच्या धर्माप्रमाणे दहन केलं त्यांची नावं तिथे आहेत. बरोबरच्या लोकांनी दिली असणार. बरें जालें म्हणाली. मग म्हणाली तारीख सांग. आमच्याकडे म्हाळात इतकी वर्षं त्याचं नाव घेतलं नाही, जिवंत माणसाचं कसं घेणार. आता तिला तिथी हवीय. मामा १९४४ चं पंचांग शोधतोय.
त्यानंतर भेडशीच्या आतेच्या यजमानांना तासभर शिव्या घातल्या, मास्तर सॉरी, आणि मग स्वतःच म्हणाली, तेणे तरी कितें करचें.

पेडणेकार_मास्तर
सॉरी कशाला. तो तिचा हक्क आहे.

म्हापसेकर
मी वर जे लिहिलं होतं ते राहू द्या, पण तिथीचं मी बघतो. माझ्या भावोजींकडे भटपणाची जुनी पंचांगं आहेत, १९३० पासूनची बांधलेली. तारीख व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

लिस्बनवासी
तारखेवरून तिथी काढणारी साईट पण आहे, पण पंचांगच बघा, आजींना ते दाखवता येईल.

साळकरीण
म्हापसेकर, देव बरें करूं. पाठवते.
सुभेदारसाहेब, बेंगळुरूला अर्ज करायचाय. काय काय जोडू? आणि त्यांच्याकडे काही असेल का इतक्या वर्षांनी?

निवृत्त_सुभेदार
साध्या कागदावर अर्ज, इंग्रजीत. नंबर, हुद्दा, नाव मेडलावर आहे तस्सं, घरचं खरं स्पेलिंग खाली वेगळं. वडिलांचं नाव, भेडशीचा पत्ता, भरतीचं अंदाजे वर्ष, मृत्यूची तारीख. तुमचं नातं दाखवायला आजींचा जन्मदाखला नाहीतर पोर्तुगीज काळातली नोंद, त्यात वडिलांचं नाव येईल, आणि तुमच्यापर्यंतची साखळी. मेडलांचे आणि कमिशनच्या पानाचे फोटो. अर्ज आजींच्या नावाने अंगठ्यासकट गेला तर उत्तम, सख्खी बहीण हयात आहे हे वाचून बसलेला क्लार्क पण उठतो. पणजीला सैनिक कल्याण खातं आहे, त्यांच्यामार्फत पाठवा, नुसत्या पोस्टाने पाठवलेलं रेंगाळतं.
मिळेल काय, तर पूर्ण फाईलची आशा धरू नका, ठरावीक वर्षांनी नष्ट करतात. पण लाँग रोल नावाची मोठी वही कायम ठेवतात. त्यात भरतीची तारीख आणि जागा, वारस कोण लिहिला, कसा गेला, पेन्शन कुणाला, एवढं एका ओळीत असतं. तुम्हाला तीच ओळ हवी आहे. कंपनीचा नंबर मिळाला तर मला कळवा, युनिटची वॉर डायरी लंडनला नॅशनल अर्काइव्हजमध्ये असू शकते, माझा एक जुना साहेब तिकडे असतो, तो जाऊन बघेल.

साळकरीण
अंगठा नको म्हणते, सही करणार म्हणते. मराठी चौथी झालीय ती.

सत्तरीचा_दादा
आजच सदस्य झालो हा धागा वाचून. माझ्या सासऱ्यांचे काका, वाळपईकडचे, १९४२ ला गेले. डबीत एक मेडल आहे, कडेवर नंबर आणि पुढे सॅपर, शेवटचं अक्षर झिजलंय. ते परत आले होते, १९५० नंतर वारले. युद्धात कुठे होते ते कळेल का?

निवृत्त_सुभेदार
दादा, सॅपर (फौजेच्या इंजिनिअर दलातला शिपाई) असेल तर बॉम्बे, मद्रास किंवा बंगाल, तिघांची रेकॉर्डं वेगळी. आपल्याकडचा माणूस बहुतेक बॉम्बे सॅपर्स, म्हणजे पुण्याला खडकी. परत आलेले आहेत म्हणजे कमिशनच्या साईटवर शोधू नका, तिथे फक्त मृतांची नावं असतात. मेडल कुठलं आहे ते आधी सांगा, रिबिनीचे रंग लिहा. आणि घासू नका!